पाच मार्कांचे मेजर जनरल

सरांना नावांचं वावडं होतं. माणसांची नावं ते घेत नसत, राजांची तर नाहीच. "नाव हॉल तिकिटावर लिहायचं असतं. इतिहास गावावरून कळतो," असं म्हणायचे आणि समोरच्याला त्याच्या गावाचं नाव चिकटवून मोकळे व्हायचे. मी सिन्नरची, म्हणून मी 'सिन्नर'. कोपऱ्यावर डेअरी होती. डेअरी म्हणजे ऑकलंडकडे दूध-पाव-सिगारेटचं दुकान. तिचा मालक 'नडियाद'. समोरच्या घरातल्या सामोअन आजी 'आपिया'. आजींना हा प्रकार इतका आवडला होता की सकाळी कुंपणापलीकडून त्याच ओरडायच्या, "किया ओरा, सातारा!" आणि सर छत्री बगलेत मारून दोन्ही हात जोडायचे.

मी २०१४ साली ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनीत राहायला गेले. मनुरेवाच्या एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होते, आणि स्वस्तातली खोली शोधत होते. निखिल आणि मेधा या पुण्याच्या जोडप्यानं नवीन वसाहतीत घर घेतलं होतं. त्यांच्या गॅरेजला लागून वेगळ्या दाराची एक खोली होती, ती मला मिळाली. सर म्हणजे निखिलचे वडील. बायको गेल्यावर मुलाकडे कायमचे आलेले. डोक्यावर माकडटोपी, अंगात सदरा आणि त्यावर मुलाचा जुना ऑफिसचा फ्लीस, पायात जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला. जँडल्समध्ये मोजे जात नाहीत म्हणून त्यांनी सगळे मोजे अंगठ्यापाशी कात्रीनं कापून ठेवले होते. मेधा ते वाळत घालताना हसायची. ती फार हसत नसे, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात सरांनी जन्मभर इंग्लंडचा इतिहास शिकवला. त्यातलाही एकच तुकडा त्यांना चावला होता. इंग्लंडच्या लोकांनी एकदा आपल्या राजाचं डोकं उडवलं आणि प्रजासत्ताक आणलं, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. काही वर्षांतच त्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखानं, जो स्वतः सेनापती होता आणि मोठा धर्मनिष्ठ होता, देशाचे भाग पाडले आणि प्रत्येक भागावर एक मेजर जनरल बसवला. त्यांना कामं दोन. राजाच्या जुन्या माणसांना कट करू द्यायचा नाही, आणि लोकांना चांगलं करायचं. दारूचे गुत्ते बंद, घोड्यांच्या शर्यती बंद, कोंबड्यांच्या झुंजी बंद, नाटकं तर आधीच बंद होती. जेमतेम दीड वर्ष हे राज्य चाललं. परीक्षेत त्यावर 'टीपा लिहा'मध्ये पाच मार्कांना प्रश्न यायचा, तोही पर्यायी. पोरं तो सोडून द्यायची.

"सिन्नर, पाच मार्क सोडून दिले की माणूस पास होतो," सर म्हणायचे, "पण त्याला काय सोडलं ते कळत नाही."

या मेजर जनरलांनाही ते गावावरूनच ओळखायचे. लिंकनवाला, लँकेशायरवाला, वूस्टरवाला. जणू सगळे सदाशिव पेठेत शेजारी होते. टाकानिनीचेही त्यांनी भाग पाडले होते. रेल्वे फाटकाच्या अलीकडे लिंकन, पलीकडे लँकेशायर, आणि मोटरवेच्या बाजूला वेल्स, कारण तिकडे वारा फार. रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर चालायला जायची. आम्ही फाटक ओलांडलं की ते आवाज खाली आणायचे. "आता जपून. हा लँकेशायरवाला कडक आहे. गुत्ते बंद करता करता पस्तिशीच्या आत मेला बिचारा, कामाच्या ओझ्यानं."

"बिचारा काय, सर?"

"बिचाराच. लबाड अंमलदार रात्री झोपतो. सज्जन अंमलदार झोपत नाही आणि दुसऱ्यालाही झोपू देत नाही."

टाकानिनीत तेव्हा घोड्यांचे उरलेसुरले तबेले होते. नव्या घरांनी त्यांना चहूकडून घेरलं होतं, पण एका वळणावर कुंपणाशी उभं राहिलं की शर्यतीचे घोडे फिरवताना दिसायचे. तिथे सर अर्धा अर्धा तास थांबायचे. त्यांनी आयुष्यात पत्त्यांना हात लावला नव्हता, हॉटेलातला चहा प्यायला नव्हता, सिनेमा एकच पाहिला होता आणि तोही अर्ध्यातून उठून आले होते. पण घोडे बघताना त्यांचा चेहरा सैल पडायचा. लिंकनवाल्यानं एकदा एका उमरावाच्या विनंतीवरून एक शर्यत होऊ दिली होती, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. "वरून हुकूम बंदीचा, तरी होऊ दिली," असं ते म्हणायचे आणि नाक पुसायचे.

एकदा मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात ज्येष्ठांनी दोन शब्द बोलावेत अशी टूम निघाली. बाकीच्या ज्येष्ठांनी संस्कृती वगैरे सांगितली. सर उठले आणि अस्वलांवर बोलले. त्या काळी लंडनमध्ये अस्वल खांबाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे आणि लोक पैसे देऊन बघायचे. नव्या राज्यानं हा खेळ बंद केला. कसा? शिपायांची एक तुकडी पाठवली आणि अस्वलांना ओळीनं गोळ्या घातल्या. सभागृहात फराळाच्या डिशा फिरत होत्या, त्या थांबल्या. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, पण अस्वलं का मारली? त्यांची काय चूक?" सर आनंदानं टुणकन पुढे आले. "सबंध नोकरीत हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नाही!" म्हणाले, आणि आणखी वीस मिनिटं बोलले. मी हसून हसून बेजार झाले. निखिल हसला नाही. त्यानं सगळ्यांची शांतपणे माफी मागितली आणि पुढच्या वर्षी सरांना घरीच ठेवलं.

निखिलबद्दल लिहिताना माझा हात अजून आवळतो, म्हणून जे खरं ते आधी लिहून टाकते. तो दारू प्यायचा नाही. शिवी द्यायचा नाही. मेधावर त्यानं कधी हात उचलला नाही. आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता, मंडळाचा कार्यकर्ता होता, माझ्या खोलीचा हीटर बिघडला तर त्याच संध्याकाळी दुरुस्त करायचा. मेधा एका बेकरीत काम करायची. तिच्या फोनवर त्यानं ती कुठे आहे ते दाखवणारं ॲप टाकलं होतं. ती आईशी बोलायची तेव्हा फोन स्पीकरवर असायचा. तिला बेकरीतल्या मैत्रिणी होत्या, हळूहळू त्या राहिल्या नाहीत. हे सगळं मी पाहत होते, आणि 'काळजी घेतो' असं समजत होते, कारण आपल्याकडे काळजीला असंच तोंड असतं.

माझी ड्युटी बहुधा उशिरापर्यंत असायची. एका संध्याकाळी मी लवकर आले आणि मेधाचं पातेलं परत करायला मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेले. देवाजवळ दिवा लागला होता. बैठकीच्या खोलीत निखिल सोफ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याच्यासमोर, टीव्हीच्या शेजारी, मेधा उभी होती. हात पुढे बांधलेले.

"आज कामावरून सुटल्यावर दहा मिनिटं स्टेशनवर थांबले," ती म्हणत होती. "ट्रेन लेट होती."

"ट्रेन लेट नव्हती. मी चेक केलंय," निखिल म्हणाला. आवाज अगदी गोड. "ओके. मग ब्लॉकर काय होता?"

"बसले होते. नुसती."

"उद्या काय वेगळं करशील?"

"बसणार नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीत सर होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. मी पातेलं ओट्यावर ठेवलं आणि आवाज न करता बाहेर आले. 

रविवारी मी सरांना विचारलं, ते काय होतं.  फाटक ओलांडल्यावर ते म्हणाले, "त्यांच्या ऑफिसात असतं ते. स्टँड-अप म्हणतात. सगळ्यांनी उभं राहून काल काय केलं, आज काय करणार, काय अडलं, ते सांगायचं."

"घरात?"

"आमच्या घरीही होतं. नाव वेगळं. झाडा." ते छत्रीचं टोक रस्त्यावर टेकवत चालले होते. "दिवेलागणीला शुभंकरोती झाली, परवचा झाला, की दिवसाचा झाडा. काय केलं, काय चुकलं. शिस्त म्हणून. निखिलही द्यायचा."

"आणि काकू?"

"तीही."

"उभं राहून?"

सर घोड्यांच्या कुंपणाशी आले होते. त्या दिवशी तिथे एकही घोडा नव्हता. ते म्हणाले, "लिंकनवाल्यानं सुद्धा जामीन घेतलेच होते लोकांकडून. चांगल्या वागणुकीचे. गाव सोडून कुठे गेलं की कळवायचं, लंडनला पोचलं की कळवायचं. त्याची कचेरी होती वेगळी." आणि एवढं बोलून ते चक्क उलटे फिरले. सरांचं बोलणं अर्धं राहिलेलं मी प्रथमच पाहिलं.

पुढच्या थंडीत मेधा घर सोडून गेली. कामावर म्हणून निघाली आणि अशा बायकांसाठी असलेल्या आसऱ्याच्या घरात जाऊन राहिली. फोन तिनं बेकरीत पिठाच्या डब्यांमागे ठेवून दिला, त्यामुळे दिवसभर निखिलच्या ॲपवर ती कामावरच होती. मला तिनं दुसऱ्या नंबरवरून कळवलं. निखिलनं मला विचारलं, मी माहीत नाही म्हणाले, आणि आठवड्याभरात त्यानं अतिशय नम्रपणे मला खोली सोडायला सांगितलं. मंडळात चर्चा झाली. "मारलं का? नाही ना? पितो का? नाही ना? मग हिला हवंय तरी काय?" असं विचारणाऱ्या बायकाच जास्त होत्या. एकीला मी म्हणाले, "बसायला हवंय." तिला काही कळलं नाही.

मेधाचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला होता. संसार मोडला की तिला परत जावं लागणार होतं, आणि नाशिकला तिच्या आईवडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं की आलीस तर निखिल न्यायला येईल तेव्हा मुकाट्यानं जायचं. आम्ही राहत होतो त्या देशाच्या कायद्यात मनाचा छळही छळच धरतात. कोर्टानं संरक्षणाचा आदेश दिला तर त्याच्या जोरावर तिला स्वतःच्या नावानं राहता येणार होतं. पण अंगावर वळ नव्हता. तिची वकील मला म्हणाली, "तू रोज संध्याकाळी तिथे नव्हतीस. घरात तिसरा माणूस कोण होता?"

तिसरा माणूस मुलाच्या घरात, मुलाच्या भरवशावर राहत होता. त्यानं तोंड उघडलं की त्याचं छप्पर गेलं, हे मला कळत होतं. तरी मी गेले. निखिल ऑफिसात असताना आपियाआजींच्या अंगणात सरांना गाठलं. आजींनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि त्या आत गेल्या. मी सगळं सांगितलं. सर ऐकत होते, आणि मग त्यांनी लँकेशायरवाला काढला. तो किती प्रामाणिक होता, एक पैसा खाल्ला नाही, लोकांच्या भल्यासाठी मेला.

माझं डोकं सणकलं. "सर, तुमचा लँकेशायरवाला गेला खड्ड्यात! मेधाचं काय करायचं ते सांगा."

असं त्यांच्याशी कुणी बोललं नसेल. ते खूप वेळ कापलेल्या मोज्यातून बाहेर आलेल्या आपल्या अंगठ्याकडे बघत बसले.

"यांचं राज्य कसं होतं, हे विचारतात पेपरात," शेवटी म्हणाले. "ज्यांच्यावर होतं त्यांचं काय झालं, असा प्रश्न काढायला हवा होता. पेपर मीच काढायचो."

आणि उठून घरात गेले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी बसमध्ये रडले. मला त्यांचा राग आला होता, आणि तितकीच दयाही येत होती.

नंतर दोन आठवडे काहीच नाही. मग एका दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि माकडटोपी आत आली. टाकानिनीहून मनुरेवापर्यंत सर एकटे ट्रेननं आले होते, पहिल्यांदाच. काउंटरवर माझ्याबरोबर काम करणारी किवी मुलगी म्हणाली, "कॅन आय हेल्प यू, सर?" त्यांनी तिला नमस्कार केला आणि मला मराठीत विचारलं, "सिन्नर, कोर्टात कोट लागतो का?"

सुनावणीला मेधाच्या सोबतीला म्हणून मला आत बसू दिलं. लहानशी खोली, न्यायाधीश बाई, निखिल त्याच्या वकिलाशेजारी इस्त्रीच्या शर्टात. सरांसाठी दुभाषी ठेवली होती, एक मध्यम वयाच्या मराठी बाई. सर म्हणाले, गरज नाही, मी इंग्लंडचा इतिहास इंग्रजीतच शिकवला आहे. माकडटोपी काढलेले सर मी प्रथमच पाहत होते. डोकं अगदी लहान दिसत होतं.

निखिलच्या वकिलानं विचारलं, तुमच्या मुलानं सुनेला कधी मारलं का?

"नाही."

कधी ओरडला?

"नाही."

दारू?

"कधीच नाही."

तो चांगला माणूस आहे, असं तुम्ही म्हणाल?

"हो," सर म्हणाले. "फार चांगला माणूस आहे."

मेधानं माझा हात धरला होता, तो सोडून दिला. वकील समाधानानं कागद चाळत म्हणाला, मग छळ म्हणून तुम्ही नेमकं पाहिलंत तरी काय?

सर उठून उभे राहिले. न्यायाधीश बाई म्हणाल्या, बसून बोललात तरी चालेल. ते बसले नाहीत. दोन वाक्यं इंग्रजीत जुळवून पाहिली, जमली नाहीत, आणि मग ते मराठीत बोलायला लागले. दुभाषी बाई घाईनं पुढे सरकल्या.

"माझ्या बायकोलाही मी कधी मारलं नाही. रोज संध्याकाळी ती माझ्यासमोर उभी राहायची आणि दिवसभरात काय चुकलं ते सांगायची. मी खुर्चीत बसून ऐकायचो. घराला वळण लागतंय असं मला वाटायचं. शेवटच्या आजारात तिला कुणी ओळखू येत नव्हतं. मीही नाही. दवाखान्यात संध्याकाळी दिवे लागले की ती सलाईनची नळी ओढत कॉटवरून उतरायला बघायची. नर्सला वाटायचं, बाथरूमला जायचंय. मला माहीत होतं. ती उभी राहायची, आणि ओळख नसलेल्या माणसाला सांगायची, 'आज दूध उतू गेलं. पुन्हा होणार नाही.' दवाखान्यात कुठलं दूध? पण रोज सांगायची. मरेपर्यंत."

दुभाषी बाई 'मिल्क'पर्यंत आल्या आणि थांबल्या. त्यांनी पाणी मागितलं. मग पुढचं वाक्य त्यांनी खाली मान घालून इंग्रजीत सांगितलं.

"माझी सून तशीच उभी राहायची," सर म्हणाले. "मी त्याच खोलीत असायचो. डोळे मिटून घ्यायचो. मला झोप लागलेली नसायची."



आदेश मेधाला मिळाला. ती आता रिकार्टनमध्ये राहते, ख्राइस्टचर्चला, एका शाळेच्या कँटीनमध्ये काम करते. सर थोडे दिवस माझ्या नव्या जागेत राहिले आणि मग साताऱ्याला परत गेले. तिकडे त्यांना बघणारं कुणी नव्हतं. दीडेक वर्षानं ते गेल्याचं त्यांच्या एका विद्यार्थ्यानं मला कळवलं. त्या दीड वर्षात मी आठवड्याला फोन करायची, पण मेजर जनरलांबद्दल ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "ते आता सिलॅबसला नाही."

त्या सुनावणीच्या दिवशी, साक्ष झाल्यावर, ते बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसले होते. मेधाला तिच्या वकीलबाईंनी दुसऱ्या दारानं नेलं होतं. निखिल आतून आला, सरळ निघून जाईल असं वाटलं, पण तो वळून सरांसमोर येऊन उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता. आवाज तेव्हाही चढलेला नव्हता.

"बाबा, तुम्ही जे केलंत त्याहून मी वेगळं काय केलं?"

"काहीच नाही रे," सर म्हणाले. "तेच सांगायला आलो होतो."

निखिल तसाच उभा राहिला. त्यानं काही मागितलं नव्हतं. सरांनी सदऱ्यात हात घालून जानवं बाहेर काढलं. त्याला टाकानिनीच्या घराची किल्ली बांधलेली होती. गाठ त्यांना सुटेना, म्हणून मी ती सोडवून दिली. त्यांनी किल्ली तळहातावर ठेवून पुढे केली.

निखिलनं ती घेतली.